पारीनं बनवलेला डावा दरवाजा

मी मारुती. पेण ते जिते मिनीडोर चालवतो, ती तीन चाकी, सहा सीटची मोठी रिक्षा. शाळा सातवीपर्यंत, पण बोलण्यात मला कोण हरवत नाय. आणि हे छातीवर हात ठेवून सांगतो: माझी धाकटी बहीण पारी, चेपलेला दरवाजा तिच्यासारखा सरळ करणारा माणूस आख्ख्या रायगड जिल्ह्यात असेल तर आणा समोर. मिनीडोरची चावी त्याच्या हातात देतो.

आम्ही गागोद्याकडच्या वाडीवरची माणसं. आईबाप दुसऱ्याच्या शेतावर राबले. पारी पेणला गणपतीच्या कारखान्यात लागली. आधी मूर्ती घासायची, मग रंग, मग आखणी. आखणी म्हणजे देवाचे डोळे काढायचे. ते काम कोणाच्याही हातात देत नायत. माझ्या बहिणीच्या हातात दिलं! पुढे तो कारखाना बंद पडला, तर ही सरळ हायवेवर काळुरामच्या गॅरेजात जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, "दादा, मूर्ती काय नि बॉनेट काय, हात फिरवला की खड्डा कळतोच."

काळुरामनं तिला ठेवली, पण पॉलिश पेपर घासायला. हातोडी नाय, रंगाची गन तर नायच. "बाईनं रंग मारलाय कळलं तर गिऱ्हाईक पळेल," म्हणायचा. घासून घासून पोरीच्या बोटांची सालं गेली. ती संध्याकाळी भंगारातले पत्रे ठोकून शिकायची. मला ते दिसायचं. मी पॅसेंजरला सांगत सुटायचो, आणि ती माझ्यावर चिडायची.

मग ती म्हैस आली.

जित्याजवळ माझ्या पुढे रोह्याच्या गोरखशेठची पांढरी कार चाललेली. नवी कोरी, लेकीच्या लग्नासाठी घेतलेली. तिथल्याच बायजामावशीच्या म्हशी रस्ता ओलांडत होत्या. सगळ्या गेल्या, पण शेवटची चंद्री मधेच मागे फिरली. शेठनी गाडी वळवली, तरी चंद्रीनं डाव्या दरवाज्यावर अंग टाकलंच. पत्रा आत. म्हैस सावरली, कान हलवले नि चालू लागली.

मावशी धावत आली. "अरे, माझ्या चंद्रीला लागलं का रे?"

"तुझ्या चंद्रीला?" गोरखशेठ ओरडले. "माझ्या गाडीला काय झालंय ते बघ आधी! सुरभी याच गाडीतून सासरी जायची हाय!"

"मग म्हशीला काय पत्रिका वाचता येते काय?" मावशी म्हणाली. पण पदरानं दरवाजा पुसायला लागली.

शेठनी कंपनीच्या सर्विस सेंटरला फोन केला. दरवाजा मागवायला लागेल, लग्नाच्या आत येणार नाय, असं उत्तर आलं. मी पुढे झालो. "शेठ, माझी बहीण करते."

गॅरेजात काळुरामनं कपाळाला हात लावला. "मारुती, तुझं तोंड एक दिवस सगळ्यांना बुडवणार." मग पारीकडे बघितलं. "करशील?"

"करीन."

"फसलं तर उद्यापासून यायचं नाय."

"आणि जमलं तर गन माझी," पारी म्हणाली.

काळुराम हसला, पण शेठसमोर हो म्हणाला.

तिनं दरवाज्याचं आतलं कव्हर काढलं. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी. जोरात नाय, टकटक. डोळे मिटून तळवा फिरवायचा, परत टकटक. मग थोडीशी पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दरवाजा असा चमकला की मी त्यात माझी मिशी बघितली. पारी हात धुवायला गेली. मी चहा सांगायला गेलो.

तेवढ्यात बायजामावशी ताट घेऊन आली. बिचारी चंद्रीचं दूधही घेऊन आलेली. तिला वाटलं, गाडी आता नव्यासारखी झाली, मग पूजा करायला नको? कालवलेल्या हळदीकुंकवात पाची बोटं बुडवली नि ओल्या रंगावर ठप्पकन उमटवली. वर हात जोडून उभी राहिली.

मी चहा सांगून परत आलो नि ओरडलो. पारी आली. पाच बोटं, खाली कुंकवाचा ओघळ.

"आटोपलं," काळुराम म्हणाला.

मावशी रडायला लागली. गोरखशेठ पोचले, त्यांनी बघितलं नि सुस्कारा सोडला. खरंच चांगला माणूस. म्हणाले, "असू दे गो पारी. उद्या डेकोरेशनवाला झेंडूच्या माळा सोडणार हाय. झाकून जाईल. कोणाला कळणार नाय."

काळुरामही म्हणाला, "व्हय, झाकून टाक."

पारी दरवाज्यासमोर उभी राहिली. "झाकायचं असतं तर मी ठोकलाच कशाला? माळेखाली काय हाय ते कोणाला दिसणार? मग काळुशेठ म्हणेल, जमलं नाय म्हणून फुलं लावली."



"मावशी, रडू नको गो. ताट बाजूला ठेव. दादा, आपल्या कारखान्यातला मोठा दिवा आण."

पावसाळ्यात मूर्ती सुकवायला कारखान्यात हॅलोजनचे दिवे लावायचे. मालकाच्या घरी एक पडून होता. मी मिनीडोर अशी हाणली की विचारू नका. पारीनं रंग सुकवला, बोटं घासून काढली, कडा मऊ केल्या, परत गन मारली. काळुरामनं गाडीला कोणाला हातसुद्धा लावू दिला नाय, स्वतः दारात पहाऱ्याला उभा राहिला. बायजामावशी त्याच्या शेजारी. कोण ताट घेऊन आलं असतं तर तिनंच हाकललं असतं!

सूर्य बुडायच्या आधी काळुरामनं ट्यूबलाइट लावली. दरवाज्यात ट्यूबचं प्रतिबिंब पडतं. पत्रा वाकडा असला तर रेघ वाकते. तो इकडून बघतोय, तिकडून बघतोय, खाली बसून बघतोय. रेघ दोरीसारखी सरळ.

त्यानं ट्यूब विझवली नि शेठना गाडीची चावी दिली. 

दुसऱ्या दिवशी रोह्याला डेकोरेशनवाला माळा घेऊन डाव्या बाजूला वळला, तर गोरखशेठ खेकसले, "या दरवाज्याला एक फूल लावायचं नाय!" मग मांडवात एकच चर्चा, गाडीला म्हशीनं ठोकलेलं, पण कुठं ते ओळखून दाखवा. माणसं गाडीभोवती फिरायला लागली. नवऱ्याचे काका उजव्या दरवाज्यावर हात फिरवून म्हणाले, "इथं. मला लगेच कळतं." मी एवढा हसलो की माझा फेटा सुटला. सुरभी डाव्या दरवाज्यानं आत बसली, आणि जाताना काच खाली करून तिनं पारीचा हात धरला.

काळुराम जेवून पारीजवळ आला. "सोमवारी लवकर ये. नागोठण्याचा टेम्पो आलाय. रानडुकरानं फोडलाय."

"गन?"

"तुझीच."

"मग पेपर कोण घासणार?"

काळुरामनं माझ्याकडे बघितलं, मी वर मांडवाकडे बघितलं.

"घासतो मी," काळुराम म्हणाला.