नवव्या चंद्राचे नाना

नानांनी आधी माझ्या कानाखाली जाळ काढला. नाव विचारलं ते नंतर.

मी तेव्हा चिंचवडच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर बदली कामगार होतो. सातवीतून शाळा सुटलेली, गाव लांब लातूरकडे, आणि आज काढतात की उद्या या धास्तीत जेवण जायचं नाही. आमच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच मशीन खाली यायचं, म्हणजे हात आत सापडायला नको. पण जास्त माल काढायचा तर एक बटण सायकलच्या ट्यूबने कायमचं बांधून ठेवायचं आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवत राहायचं, ही सगळ्यांचीच रीत. मीही बांधलं. टूलरूममधले नाना वाटेने चालले होते. त्यांनी मशीन बंद केलं, मला हाणलं आणि ट्यूब कापून खिशात घातली.

"हात दाव."

मी पंजे पुढे केले. त्यांनी एकेक बोट चिमटीत धरून मोजलं. "धा हायत. रोज सुट्टी झाली की मला दावून जायचं. एक जरी कमी भरलं तर दुसऱ्या कानाखाली बी बसंल."

माझ्या आधी त्याच प्रेसवर जो होता त्याची चार बोटं गेली होती. ती प्रेसच्या साच्याखालून नानांनीच वेचली आणि मशीन पुसायच्या चिंधीत गुंडाळून त्याच्याबरोबर दवाखान्यात नेली, हे मला पुढे कळलं.

नाना चऱ्होलीचे. तोंडाआधी हात चालायचा. झाडूवाल्या बाईला शिवी दिली म्हणून एका ठेकेदाराचे पुढचे दोन दात त्यांनी कॅन्टीनच्या पायरीवर पाडले, आणि वर त्याला पाणीही आणून दिलं, "चूळ भर" म्हणून. मला ते आवडायचे असं तेव्हा मी म्हणालो नसतो. मी त्यांना भ्यायचो. पण रोज सुट्टीला पंजे दाखवायला जायचो, आणि या परमुलखात आपलं काहीतरी कुणीतरी मोजतंय याचं फार बरं वाटायचं.

जेवणाच्या सुट्टीत नाना काच घासायचे. टूलरूमच्या मागे वाळूने भरलेलं एक ऑइलचं पिंप होतं. त्यावर एक जाड काच बसवलेली, तिच्यावर दुसरी, मध्ये घासायची पूड आणि पाणी. वरची काच पुढेमागे सारत ते पिंपाभोवती फिरायचे. पाय एका दिशेने, आणि हातातली काच फिरवायची ती मात्र उलट्या दिशेने. तरुणपणी लष्कराच्या कारखान्यात दुर्बिणीच्या काचा घासल्या होत्या, तिथून हा नाद लागलेला. पोरं ओरडायची, "काय नववे, किती फेऱ्या झाल्या?"

हे 'नववे' कुठून आलं ते मला एका संध्याकाळी समजलं. पिंपळे गुरवला त्यांच्या घरावर पुठ्ठ्याच्या नळकांड्याची एक जुनी दुर्बीण होती. दिवेलागणीला त्यांनी मला गुरू दाखवला. हरभऱ्याच्या डाळीएवढा पिवळा गोळा आणि शेजारी चार ठिपके.

"ते चार चंद्र त्याच्या घरचे," नाना म्हणाले. "आजून बी हायत, त्यातला नववा येगळा. बारका, वाकडातिकडा धोंडा. कुठून तरी एकला चालला व्हता, ह्या धटिंगणानं वढून धरला. आता सुटका न्हाई. पण घरचे फिरत्यात त्याच्या उलटा फिरतो राव! लई लांबनं, पर उलटा."

"तो कुठाय यात?"

"दिसायचा न्हाई. मी घासतोय त्या मोठ्या काचंत बी न्हाई."

"मग घासता कशाला?"

"दिसत न्हाई म्हून त्याच्याकडं बघायचंच न्हाई व्हय रं?" आणि पाठीत एक गुद्दा.

त्या रात्री रहाटणीच्या खोलीवर मला धोंड्याची आठवण येत राहिली. ओढून आणलेला मीही होतो. उलटं फिरायची मात्र छाती नव्हती.

पुढल्या वर्षी संप झाला. युनियनचे पुढारी भाऊ म्हणजे धिप्पाड माणूस; ते चालले की चाळीसजण भोवती चालायचे. भाऊंचा एक नियम होता. संपात जो आत जाईल त्याला आमच्या खात्यातल्या प्रत्येकाने एकेक हात मारायचा. सगळ्यांनीच मारलं की साक्षीदार उरत नाही.

पाचव्या दिवशी कंपनी लॉकर फोडून रिकामे करणार अशी आवई उठली. नानांची काच लॉकरमध्ये होती. जेमतेम आठवड्याचं काम राहिलं होतं. ते कुणाला न विचारता गेटमधून आत गेले आणि काच सदऱ्याखाली धरून बाहेर आले.

भर दुपारी गेटसमोरच्या मैदानात त्यांना गाठलं. भाऊंनी काच हिसकून दगडावर आपटली. नानांनी पहिल्या दोघांना लोळवलं. मग कुणीतरी सायकलची चेन गुडघ्यावर घातली, ते खाली बसले, आणि कडं करून एकेकजण पुढे यायला लागला. लाथ, बुक्की, चेन. हाड मोडल्याचा आवाज मी तिथे ऐकला. ओली फांदी मोडावी तसा. एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं.

"ए लातूर! तुझा नंबर," भाऊ म्हणाले.

मी कड्यात शिरलो. नानांनी उरलेल्या डोळ्याने मला ओळखलं. ओठ न हलवता म्हणाले, "मार. न्हाईतर तुला बी पाडत्याल."

मी मारलं. उघड्या पंजाने, कानाखाली. पंजाला त्यांचं रक्त लागलं, ते गरम होतं.

खोलीवर येऊन मी हात तीनदा धुतला आणि ट्रंक भरली. सकाळी ट्रंक घेऊन स्टेशनकडे निघालो, आणि पोलीस चौकीशी आल्यावर आत शिरलो. का, ते आजही नीट सांगता येत नाही. हवालदार म्हणाला, "मारणारे कोण?"

"पहिलं नाव माझं लिहा," मी म्हणालो, आणि मग बाकीची सांगितली.

त्याच संध्याकाळी भाऊंच्या माणसांनी मला गाठलं. दोन बरगड्या गेल्या आणि उजवा हात कोपरातून मोडला. कंपनीचं दार माझ्यासाठी बंद झालं ते झालंच. पुढची सगळी वर्षं भोसरीच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये काढली. भाऊ तुरुंगात गेले.

मार खाल्ल्यावर चालता यायला लागलं तसा मी दवाखान्यात नानांच्या खाटेशी गेलो. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. एक डोळा कायमचा गेला होता, दुसऱ्याचं डॉक्टर काही सांगत नव्हते.

"नाना, मी."

"नावं दिलीस म्हनं."

"दिली. पहिलं माझं."

त्यांनी हात उचलला. आता बसणार म्हणून मी गाल पुढे केला. हात गालावर आलाच नाही. चाचपडत खाली उतरला, माझा डावा पंजा धरला, मग प्लास्टरच्या टोकातून बाहेर आलेली उजवी बोटं शोधली. एकेक चिमटीत धरून मोजायला बराच वेळ लागला.

"धा हायत," नाना म्हणाले. "जा आता. सुट्टी झाली."