रंध्याखालून गेलेली हॉकी स्टिक

माझ्या बाबांनी सानूची कोरी हॉकी स्टिक रंधा मारून वाया घालवली होती.
तीही शाळेच्या टीमच्या सिलेक्शनच्या आदल्या संध्याकाळी.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. मला हीच गोष्ट सांगायची आहे.

बाबा राहनाळच्या एका गोडाउनमध्ये माल रचायचे लाकडी पॅलेट दुरुस्त करायचे. आमच्या वळ गावात कबड्डी शेंबड्या पोरालाही कळते. हॉकी कुणालाच नाही. माझी धाकटी बहीण सानू सातवीत हॉकी खेळायला लागली, तेव्हा बाबा तिची स्टिक कितीतरी वेळ उलटसुलट फिरवून बघत होते.

"एक बाजू सपाट, एक गोल. ही अशी कशी गो?" त्यांनी मला विचारलं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घरातली पहिली ग्रॅज्युएट होणार. मला माहीत नाही, हे तोंडातून निघेना.

"डिफेक्टिव्ह पीस असेल बाबा. दुकानदाराने गळ्यात मारला."

ड्युटी संपल्यावर बाबांनी गोडाउनमध्येच बसून गोल बाजू रंध्याने सपाट केली. वरून पॉलिश.
"आता दोन्हीकडून मार," सानूला म्हणाले.

सकाळी मैदानावर सरांनी स्टिक बघितली आणि कपाळाला हात लावला. चेंडू सपाट बाजूनेच मारायचा असतो. मागची बाजू गोलच लागते. ही स्टिक चालणार नाही.

"हे करायला सांगितलं कोणी?"

मी बाबांच्या शेजारीच उभी होते.

"कोन सांगंल? मीच अडानी," बाबा म्हणाले. "चूक माझी हाय सर. पोरीला बाहेर काढू नका."

सर म्हणाले, दुसरी स्टिक आणा, मग बघू.

शेजारून कधी मीठही न मागणारा माणूस. त्या दिवशी मैदानाच्या कडेने एकेका पालकासमोर जाऊन उभा राहिला.

शेवटी गोलकीपर मुलीच्या अम्मीने जुनी स्टिक काढून दिली.
"ले जाओ भाईसाब. बस, इसको रंदा मत मारना."
बाबाही हसले.

सानूला घेतलं. राखीव म्हणून, पण घेतलं.

त्यानंतर बाबांनी तिची एकही मॅच चुकवली नाही. नियम अर्धेच कळायचे. शिट्टी वाजली की शेजारच्याला विचारायचे, "चेंडू आपल्याला भेटला का त्यांना?" उत्तर ऐकून मगच टाळ्या.

मी मात्र गप्पच राहिले. बाबा गेले तरी गप्प.

आज सकाळी सानूला सांगून टाकलं, की स्टिक खराब आहे असं बाबांना मीच सांगितलं होतं.

ती बुटाची नाडी बांधत होती.
"माहितीय. बाबा तेव्हाच बोललेले मला."

"मग इतकी वर्षं मला काहीच बोलली नाहीस?"

"ते म्हणाले, ताईला काय बोलू नको. सोमवारी पेपर हाय तिचा."

आता तिच्या मॅचला निघालेय.

बाबा, माफ करा मला.
आणि निवांत राहा.