अर्लिनने आणलेली काडतुसं

व्हर्ला स्टेनरुडचा उजवा खांदा कारखान्याने खाल्ला. मॉन्टानातल्या सेज फोर्क गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात बावीस वर्षं तिने गुरांची धडं उतरवली, हाडं सोडवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी डॉक्टरने त्या खांद्यात दोन स्क्रू बसवले आणि सांगितलं, "बाई, आता मोठ्या रायफलीचा धक्का विसरायचा."

शिकार विसरायची, असं डॉक्टर म्हणाला नव्हता. ते म्हणाला तिचा धाकटा भाऊ अर्लिन.

"या वर्षी तू तंबूतच बस ना. नाहीतरी तू रांधलेलं सगळ्यांना आवडतं."

व्हर्लाने फोन ठेवला आणि थेट गावातलं बंदुकीचं दुकान गाठलं. तिथला रस्क नावाचा विक्रेता तिला पाहून हसला. "नातीसाठी बघताय?"

"माझ्यासाठी."

त्याने तीन नव्या कोऱ्या रायफली काउंटरवर मांडल्या. व्हर्लाने एकेक उचलली. डोळे मिटून दस्ता खांद्याला लावायचा, मग डोळे उघडायचे. दुर्बिणीतलं चित्र आपोआप समोर आलं तर ती आपली, ही तिच्या बापाची रीत. एकीतूनही मान वाकडी केल्याशिवाय दिसेना. मग कोपऱ्यातल्या जुन्या रायफलींच्या रांगेतून तिने एक काढली. अक्रोडाच्या लाकडाचा आखूड दस्ता, बारीक नळी. डोळे उघडले तेव्हा भिंतीवर टांगलेल्या एल्क हरणाच्या मुंडक्याचा डोळा बरोबर दुर्बिणीच्या फुलीवर होता.

"ती नका घेऊ," रस्क म्हणाला. "ही टू-फिफ्टी-सेव्हन रॉबर्ट्स मापाची. धक्का हलका, मार चोख, सगळं खरं. पण काडतुसं कुठून आणाल? दोन वर्षांत माझ्याकडे एक खोका आला नाही."

"ते मी बघते."

रायफलीबरोबर जुन्या मालकाची अकरा काडतुसं मिळाली. दुर्बिणीचा नेम जुळवण्यात अकराच्या अकरा संपली, पण शेवटच्या तीन गोळ्या एका पत्त्याच्या पानाएवढ्या जागेत बसल्या आणि खांदा दुखला नाही. रिकाम्या पुंगळ्या तिने कॉफीच्या डब्यात टाकल्या. मग सुरू झाली वणवण. आसपासच्या पाच गावांतली दुकानं, हार्डवेअरवाले, पेट्रोल पंप. सगळीकडे तेच. लोकप्रिय मापांची थप्पी छतापर्यंत आणि रॉबर्ट्सची फळी रिकामी. शेवटी ती अर्लिनला म्हणाली, "तू बिलिंग्जला चाललायस ना? मोठी दुकानं आहेत तिथे. एक खोका बघ. रॉबर्ट्स. लिहून घे."

"लक्षात राहील गं."

हंगाम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी डोंगरातल्या तळावर अर्लिनने खोका तिच्या हातात कोंबला. चार पुरुष जेवायला खोळंबले होते. तिने खोका न वाचताच कोटात टाकला आणि चुलीकडे वळली. तेवढंच तिचं चुकलं.

सकाळी उजाडताना ती कड्यावर पोचली. दीडशे पावलांवर खाली मोठा नर एल्क उभा, शिंगांवर दहिवर. व्हर्लाने काडतूस काढून नळीत सरकवलं. नळी बंद करणारा बोल्ट अर्ध्यावर अडला. पुन्हा. पुन्हा अडला. तिने काडतूस उलटं करून बुडावरची अक्षरं वाचली. टू-फिफ्टी-सेव्हन वेदरबी. आकडा तोच, काडतूस वेगळं; लांब, या रायफलीत बसायची शक्यताच नाही. नराने मान वर केली आणि सावकाश झाडीत निघून गेला.

ती तळावर परतली तेव्हा पुरुष कॉफी पीत होते. तिने खोका अर्लिनच्या पायाशी टाकला.

"हे काय आणलंस?"

"टू-फिफ्टी-सेव्हन. तूच सांगितलंस ना!"

अर्लिनचा शेजारी ड्यूई खाली बघत पुटपुटला, "मी दुकानातच म्हटलं होतं ना तुला, की हे दुसरं आहे?"

व्हर्ला अर्लिनकडे वळली. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"अगं, पुन्हा रांगेत कोण उभं राहणार होतं?" अर्लिन वैतागला. "आणि एवढं काय बिघडलं? नाहीतरी तू येतेस ती चूल सांभाळायला."

तीस वर्षं. तीस हंगाम तिने याच्या जनावरांचीही कातडी काढली होती, याच्या वाटचं मांस कापून बांधून दिलं होतं. एक शब्द न बोलता तिने चुलीचा गॅस बंद केला, गरम चूल तशीच फडक्याने धरून पिकअपमध्ये ठेवली. मग खाण्याची पेटी. मग कॉफीची किटली, ड्यूईच्या हातातला कप सोडून सगळं.

"व्हर्ला! ए, वेड लागलं का तुला? आम्ही खायचं काय?"

"काडतुसं खा. वीस आहेत."

तिथून ती थेट गावात आली. पशुखाद्याच्या दुकानातल्या बाईने तिचं ऐकून घेतलं आणि एमेट क्वालेचं नाव सांगितलं. हा रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा रिकाम्या पुंगळ्यांत दारू आणि गोळी भरून आपली काडतुसं घरीच बनवायचा.

क्वालेने दार अर्धंच उघडलं. "मी भरलेलं काडतूस दुसऱ्याच्या हातात देत नाही. कुणाच्याच नाही."

"मग शिकवा," व्हर्ला म्हणाली. "मी परत जाणार नाही. आज मला कुणीही नाही म्हणू नका."

म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "रिकाम्या पुंगळ्या आहेत?"

"अकरा."

"आत या. आणि तो राग बाहेर ठेवा. दारू तोलताना हात हलून चालत नाही."

राग काही बाहेर राहिला नाही. पहिल्या दिवशी तिने दोन पुंगळ्या चेपल्या, क्वालेने शिव्या घातल्या, तिनेही परत घातल्या. पण बावीस वर्षं सुरी चालवलेले हात होते ते. आठवड्याभरात नऊ काडतुसं झाली, एकसारखी, चकचकीत. दारूचा कण न् कण तिने स्वतः तोलला होता. चार तिने क्वालेच्या मागच्या माळावर तपासून पाहिली. उरली पाच.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, गुडघाभर बर्फात, ती एकटी गेली. दुपारी एक मध्यम नर ओढ्याकाठी आला. बोल्ट लोण्यासारखा बंद झाला. एकच बार. नर चार उड्या मारून कोसळला.

तिला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधताना ती मोठ्याने अर्लिनला शिव्या देत होती. एका खांद्याने अख्खं धड ओढणं शक्यच नव्हतं, म्हणून जागेवरच तुकडे करून तीन खेपांत तिने ते पिकअपपर्यंत नेलं. तिसऱ्या खेपेला शिव्या संपल्या होत्या. राग तसाच होता.

दोन दिवसांनी अर्लिन दारात आला. हातात टोपी. "यंदा माझं काहीच जमलं नाही. म्हटलं, थोडं मांस..."

"आधी सांग, तू काय केलंस."

"कधी?"

अर्लिन बुटाने पायरीवरचा बर्फ उकरत राहिला. मग तिने दार लावलं. मागची एक तंगडी कागदात गुंडाळली, त्यावर क्वालेचं नाव लिहिलं आणि मागच्या दाराने पिकअपकडे गेली.