न आलेली रविवारची बस

तिच्या आत्याने तिला लहानपणीच 'भिंगरी' हे नाव ठेवलं होतं. परदेशात येऊन सात वर्षं झाली, नोकरी बसून करायची मिळाली, तरी ते नाव तिला शोभतच राहिलं. ऑफिसात ती विचार करायला जिन्यात जायची. घरी भाजी फोडणीला टाकून लॅपटॉपकडे धावायची. भाजी कितीदा करपली हे मोजायचं नवऱ्याने सोडून दिलं होतं.

बसथांब्यांवर 'पुढची बस चार मिनिटांत' असं सांगणारे फलक असतात, त्यांच्यामागचा प्रोग्रॅम ती सांभाळायची. प्रत्येक बसमधलं एक लहानसं यंत्र दर वीस सेकंदांनी आपली जागा कळवायचं आणि तिचा प्रोग्रॅम त्यावरून वेळ काढायचा.

मग तक्रारी सुरू झाल्या. सगळ्या एकाच थांब्याच्या, टेकडीवरच्या मार्गावरच्या, आणि फक्त रविवार सकाळच्या. फलक चार म्हणतो, तीन, दोन, एक, आणि बस न येताच ओळ पुसली जाते. एका बाईने लिहिलं होतं, 'आई दवाखान्यात आहे. भेटायची वेळ अकरा ते बारा. फलक पाहिला नसता तर चालत तरी गेले असते.'

ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. दोन महिने तिने कोड वरून खाली आणि खालून वर वाचला. जेवताना वाचला, आंघोळ करता करता आठवला. चूक सापडेना. एका रविवारी सकाळी ती बाल्कनीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बाल्कनीत अशा तिसऱ्या फेरीला निघाली तेव्हा नवऱ्याने पेपर खाली ठेवला.

"एवढा जीव खालीवर होतोय तर जा ना त्या थांब्यावर. मला तरी दोन ओळी वाचू दे."

ती गेली. फलकावर चार आलं, तीन, दोन, एक, आणि ओळ गेली. रस्ता रिकामा. थांब्यावरचे एक आजोबा म्हणाले, "हे रोजचंच आहे हो, म्हणजे रविवारचं." तिने त्यांना आपण कोण ते सांगितलं नाही. चढ चढून ती शेवटच्या थांब्यावर पोचली, तर बस तिथेच उभी. दार उघडं, आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर पाय टाकून डुलक्या घेत होता.

"ही बस दहा दहाला सुटायची ना?" तिने विचारलं.

"सुटायची. पण रविवारी खाली बाजार भरतो, वर यायलाच उशीर होतो. आणि वीस मिनिटं विश्रांती घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम आहे."

"मग यंत्र काय सांगतं?"

"ते मी बंद करतो. गाडी उभी असली की दर मिनिटाला टिंटिं करतं. झोप लागेल का सांगा?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. यंत्र गप्प झालं की बस वेळेवर सुटली असं धरून चालायचं, ही ओळ तिनेच तीन वर्षांपूर्वी लिहिली होती. शंभरदा वाचली होती आणि शंभरदा बरोबर वाटली होती.

सोमवारी तिने साहेबांना सगळं सांगितलं.

"यंत्र बंद करायची परवानगी नाही," ते म्हणाले. "ड्रायव्हरचा नंबर?"

"बघितला नाही मी."

बघितला होता. बिल्ल्यावर ठळक होता. दिवसभर तिला बसवेना, उठवेना. संध्याकाळी तिने आत्याला फोन लावून सगळं सांगितलं.

"खोटं बोललीस?" आत्याने विचारलं.

"हो."

"त्या माणसाची झोप वाचवलीस. आता थांब्यावरच्यांचं काय ते निस्तर."

तिने साहेबांकडे दोन गोष्टी मागितल्या. उभ्या गाडीत यंत्राचा आवाज बंद करायचा, आणि तरीही यंत्र गप्प झालंच, तर फलकावर आकड्याऐवजी 'वेळ सांगता येत नाही' असं दाखवायचं. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर साहेब अडून बसले.

"आपल्याला माहीत नाही, असं आपणच भिंतीवर लिहायचं?"

"माहीत नाही हेच खरं आहे. ते कळलं तर माणूस चालत तरी जाईल."

पाच बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत ती उभीच होती. अखेर साहेबांनी त्या एका मार्गापुरता होकार दिला.

बदल लागू झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती घरीच राहिली. इस्त्रीचे कपडे संपवले, मसाल्याचे डबे पुसले, आणि साडेदहाला पर्स उचलली.

"आता कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"नदीकडच्या मार्गावर. तिथेही बाजार भरतो म्हणे."

त्याने एक सुस्कारा टाकला, पेपरची घडी घातली आणि स्वतःचे बूट शोधायला लागला.