पपईनं जमवलेली सोयरीक

माझं लग्न एका पपईनं जमवलं.

वऱ्हाडात ज्वारी फुलोऱ्यावर आली की लोकांना आनंद होतो. मला शिंका येतात. साध्यासुध्या नाहीत! मी अमरावतीत शिंकलो की बडनेऱ्याच्या स्टेशनमास्तरला गाडी सुटल्याचा भास व्हायचा. आणि त्याच दिवसांत पिकलं फळ तसंच तोंडात गेलं, तर ओठ वांग्याएवढे व्हायचे नि जीभ टाळूला चिकटायची. शिजवलेलं काहीही चालायचं. (आणि घरचा धंदा? फुलं विकायचा!)

अशा ऐन फुलोऱ्यात अकोल्याला मुलगी पाहायला जायचं ठरलं. आधीच्या दोन सोयरिकी माझ्या बडबडीनं मोडल्या होत्या. दुसऱ्या वेळी तर मी मुलीच्या बापाला त्याच्याच गावाची माहिती सांगत बसलो. तो बसल्या जागी झोपला आणि उठून थेट नाही म्हणाला.

म्हणून निघताना मायनं दम भरला, "सद्या, तोंडाले कुलूप लाव! आन् फयाले हात लावू नोको. हेबी मोडली तं जलमभर माह्याच हातचं खाशील!"

"फयाचं मी पाहतो न, बाई," सोबत येणारा नामामामा, म्हणजे मायचा भाऊ, छाती काढून बोलला.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी मुलीच्या वडिलांची, पुंजाजींची फळबाग. ओसरीवर टेकलो तोच आतून भज्यांचा आणि पुरणाचा वास आला. मी सुखावलो. सगळं शिजलेलं! तेवढ्यात पुंजाजी म्हणाले, "आमच्याकडं रीत हाय. पाहुण्यानं बागेतलं फय खाल्लं, का मंगच पोरगी बाहीर येते."

मामा ताडकन उठला. "नाई नाई! पोराले आज उपास हाय!"

पुंजाजींचा चेहरा उजळला. "असं काय? अवो, ऐकलं काय? ते भजे-पोया ठेवा आत! उपासाले तं फयच पाह्यजे! पपई आना, केये आना!"

मी मामाकडे पाहिलं. मामा आढ्याकडे पाहत होता.

परात आली.

"खा न बाप्पा, लाजता काहून?"

नाही म्हणावं तर सोयरीक मोडते. पपई खाल्ली! पहिल्या फोडीला ओठांना मुंग्या आल्या. दुसरीला मुंगळे. तिसरी पुंजाजींनी स्वतः भरवली.

"किती शिकले?"

मी पाच बोटं वर केली. (शिकलो सातवी, पण दुसरा हात ओठ झाकण्यात गुंतला होता!)

"लय कमी बोलते आमचा पोरगा," मामा म्हणाला. आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप त्यानं त्या दिवशी मारली.

मुलगी, म्हणजे गंगू, बाहेर आली तेव्हा माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"पाहा न वो," तिची आई गहिवरली, "पोरीले पाहून डोये भरून आले बिचाऱ्याचे!"

मला पाणी मागायचं होतं. निघालं नुसतं, "फ्फ."

पुंजाजींनी मांडीवर थाप मारली. "पोरगी म्हने, बडबड्या नोको. असा गरीब जवाई कुठं भेटते? पक्कं!"

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईस्तोवर ओठ उतरले. तिथून बडनेऱ्यापर्यंत मी एकटाच बोलत होतो.

लग्नानंतर आठवडाभर गंगूनं सोसलं. मग मायला विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी हे गप काहून होते?" मायनं भोळेपणी सगळं सांगून टाकलं. माझी स्वतःची माय!

तेव्हापासून गंगू मला जपते. पपईची भाजी करते, केळी तळून देते, कोणत्याही गावी गेलो तरी माझ्यापुढची फळं उचलून घेते. पण चार माणसांत मी रंगात आलो, की गोड हसून विचारते, "अवो, पपई कापू काय?"

हे लिहिलेलं आत्ता मोठ्यानं वाचत होतो. आतून विळी मांडल्याचा आवाज आला आहे. थांबतो!