बोर्डामागची गाठ

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. परभणीत स्टेशनच्या बाजूला लहानसं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. या धंद्यात "आपोआप बंद पडलं", "आपोआप चालू झालं" हे रोज ऐकावं लागतं. आणि दर वेळी आत काहीतरी सापडतंच... सुटलेली वायर, फुगलेला कपॅसिटर, एकदा तर पालीची अंडी. त्यामुळे बिनकारणाचं काही नसतं, अशीच माझी समजूत होती. अजूनही तीच धरून बसायची इच्छा आहे. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहितोय. कुणाला काही सुचलं तर कळवा.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. लग्नसराई संपत आली होती. सकाळी अकराच्या सुमारास एक बाई ऑटोतून उतरल्या. गोधडीत गुंडाळलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट पोटाशी धरलेलं. सोनपेठहून एसटीने, मांडीवर घेऊन आल्या होत्या. नाव ज्योतीताई. त्यांचा नवरा लग्नांचं शूटिंग करतो आणि घरी बसून त्याचं मिक्सिंग, म्हणजे काटछाट करून फिल्म जोडायचं काम, ज्योतीताई करतात.

"टेबलाचा पाय मोडला दादा, अन् हे पडलं खाली," त्या म्हणाल्या. "चालू व्हायलंय, पण स्क्रीनवर काहीच येईना."

उघडून पाहिलं. ग्राफिक्स कार्ड चांगलं जाडजूड, वजनदार, आणि एका अंगाला झुकलेलं. ते ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याचं प्लास्टिक तडकलं होतं. टोकाला एक खिट्टी असते, ती दाबली की कार्ड सुटतं. ती मोडून आतच रुतली होती.

"कार्ड काढल्याशिवाय काही कळणार नाही," मी म्हणालो. "पण ओढताना खालचं मदरबोर्ड फाटलं तर कार्डही जाईल आणि बोर्डही."

त्यांनी गोधडीची घडी घातली. मग म्हणाल्या, "आमच्या गल्लीतल्या एका पोरीच्या लग्नाचं काम हाय ह्याच्यात. लग्न झालं अन् पंधरा दिवसांत तिचा बाप गेला. पोरीला सासरी वाटे लावताना लय रडला होता तो. ती रोज फोन करायलीय, काकू, झालं का म्हणून. अर्धं काम झालंय, दुसऱ्या मशीनवर उघडंना."

मी म्हणालो, ठेवून जा, बघतो.

दुपारभर त्याच्याशी झटलो. मोडक्या खिट्टीचा तुकडा चिमट्याने काढला. प्लास्टिकची पट्टी घालून स्लॉट सैल केला. आता कार्ड यायला हवं होतं. पुढच्या बाजूने ते उचललंही जात होतं, पण मधून कुणीतरी खाली धरून ठेवल्यासारखं परत बसायचं. जोर लावायची भीती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. शेवटी कॅबिनेटचे सगळे स्क्रू काढले आणि कार्डासकट अख्खं बोर्डच बाहेर घेऊन उलटं केलं.

मागच्या बाजूला एक गाठ होती.

मेण लावलेला दोरा. कार्डाच्या खालून काढून, बोर्डाच्या छिद्रातून मागे आणून, ताणून बांधलेला. जड कार्ड झुकू नये म्हणून कुणीतरी केलेली सोय. ही सोय मी करतो. माझे वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती शिवायचे. पोत्याच्या तोंडाला ते दोन वेढ्यांची एक उलटी गाठ मारायचे, ती मी त्यांच्याकडून शिकलो. वर मी माझी एक भर घातली आहे, दोऱ्याचं टोक काडीने जाळून बोटाने चपटं करायचं. परभणीत दुसरं कुणी असं करत असेल तर मला माहीत नाही. मी स्वतः कुणाला शिकवलेलं नाही.

ती गाठ तशीच होती. दोन वेढे, उलटी, टोक जाळून चपटं केलेलं.

मी दोरा कापला. कार्ड अलगद हातात आलं. त्याच्या खाली, बोर्डाच्या मोकळ्या जागेवर, बारीक काळ्या मार्करने एक तारीख लिहिली होती. शेजारी "वि." आणि त्याखाली आडवी रेघ.

माझं नाव विलास. दुरुस्त केलेल्या प्रत्येक बोर्डावर मी हेच लिहितो. अक्षर माझं होतं. सातचा आकडा मी मधोमध रेघ मारून काढतो, तसाच होता.

पहिला विचार साहजिकच हा आला की मीच केलं असेल आणि विसरलो असेन. शेकडो मशीन हाताखालून जातात. ज्योतीताईंना फोन लावला.

"ताई, हे कार्ड आधी कुणी बसवलं होतं?"

"तुमीच की," त्या म्हणाल्या.

"मी? दुकानात आणलं होतं का?"

"न्हाई, तुमी घरी आलते. खांदेमळणीच्या दिशी. तुमाला याद न्हाई का?"

खांदेमळणी म्हणजे पोळ्याच्या आदला दिवस. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावतात तो. मी बोर्डावरची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये काढून पाहिली. तीन वर्षांपूर्वीची, पोळ्याच्या आदल्याच दिवसाची.

आता हा पोळा मी आयुष्यात विसरणार नाही. त्याच्या दोन दिवस आधी देवगाव फाट्याजवळ माझ्या गाडीला टेम्पोने उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. खांदेमळणीच्या दिवशी मी परभणीतल्या एका दवाखान्यात बेशुद्ध होतो आणि दुपारी माझ्या पायाचं ऑपरेशन चालू होतं. त्या संध्याकाळी घरी जाऊन फाइल काढली. बायकोने कपाटातून कागद दिले आणि विचारलं, "आता कशाला?" मी म्हणालो, सहज. तारीख तीच होती.

कार्ड ठीक होतं. बोर्डावर खाली दुसरा स्लॉट होता, त्यात ते बसवलं, तर डिस्प्ले आला. एरवी मी फोन करून मशीन घेऊन जा म्हणालो असतो. या वेळी स्वतःच सोनपेठला घेऊन गेलो.

त्या गावात मी त्याआधी कधी गेलेलो नाही, निदान माझ्या समजुतीप्रमाणे तरी. स्टँडवर दोघांना विचारत विचारत घर शोधलं. नवरा शूटिंगला गेला होता. दारात ज्योतीताईंच्या सासूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"या बाबा. लय दिसांनी आलाव," त्या म्हणाल्या. मग माझ्या चालण्याकडे बघून, "पायाला काय झालं? तवा तर धड होता."

मी अपघात झाला एवढंच सांगितलं. कधी, ते सांगितलं नाही.

मशीन जोडून देईपर्यंत सासूबाईंनी चहा आणला. मी सवयीने तोंड उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बिनसाखरेचा हाय. मागच्या टायमाला तुमीच सांगितलं न्हवं का, साखर चालत न्हाई म्हणून."

मला शुगर आहे हे त्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत पहिल्यांदा कळलं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं. तोपर्यंत मी दोन चमचे साखर घालून चहा पीत होतो.

हातातला कप खाली ठेवला आणि मी ज्योतीताईंना सरळच विचारलं. "ताई, तो माणूस नक्की मीच होतो का? नीट आठवून सांगा."

त्यांना प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय दादा? तुमीच. आमी फोन केला न्हवता, तुमीच दारात आलाव. कॉम्प्युटर बंद हाय का म्हणलाव. मला वाटलं ह्यांनी परभणीहून पाठवलंय. तासभर बसलाव, पैसे घेतले न्हाईत."

"आणखी काही बोललो का मी?"

त्या विचार करू लागल्या. उत्तर सासूबाईंनी दिलं. "जाताना दारात थांबला होता तुमी. म्हणलाव, पुन्हा अडकलं तर परभणीला स्टेशनपाशी आणा. मी असेन तिथं."

त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या बायकोला सांगितलं होतं की चोवीस तास काही सांगता येत नाही.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. स्क्रीनवर त्या लग्नाचं काम उघडलं होतं. पांढरा फेटा बांधलेला एक माणूस मुलीच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता आणि ज्योतीताई पदराने डोळे पुसत "सगळं हाय, सगळं हाय" म्हणत होत्या. आठवडाभरात ते काम पूर्ण झालं. मुलीने पाहिलं. तिने माझ्यासाठी पेढे पाठवले, ते मी घरात वाटून टाकले.

त्या दिवशी सोनपेठहून परत येताना एसटीत मी डोकं खाजवत होतो. माझ्यासारखा दिसणारा दुसरा कारागीर? असेल. पण मग अक्षर, गाठ? त्या दोघींना माझ्याबद्दल कुणी सांगितलं असेल? कशासाठी? त्यांचा काय फायदा? ज्योतीताईंच्या नवऱ्यालाही नंतर फोनवर विचारलं. त्याने कुणालाच पाठवलं नव्हतं. त्याला वाटत होतं बायकोने बोलावलं. बोर्डाचा फोटो माझ्याकडे आहे. एका मित्राला दाखवला, तो म्हणाला, "तुझंच अक्षर आहे, त्यात काय?" बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिने नीट ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली की हा विषय घरात नको. त्या ऑपरेशनच्या दुपारी मला काही दिसलं का, स्वप्न पडलं का, हेही लोक विचारतील. काहीच नाही. फाट्यावर टेम्पोचा हॉर्न आणि मग एकदम दवाखान्यातला पंखा, मधे काही नाही.



परवा ज्योतीताईंचा फोन आला. मशीनचा पंखा आवाज करायलाय म्हणाल्या, जमलं तर येऊन जा. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून स्टँडवर आलो, सोनपेठची गाडी लागलेली होती. चढायच्या आधी काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यांना परत फोन लावला.

"ताई, मी निघतोय," म्हणालो. "मी... अजून आलेलो नाही ना?"

पलीकडे दाराची कडी काढल्याचा आवाज आला.

"न्हाई दादा," त्या म्हणाल्या. "या तुमी."