काकांच्या दारावरची शाळा

दिनांक: एप्रिलचा शेवटचा रविवार, सकाळचे आठ.
हजर: आई, मी, शेजारचे पेडणेकरकाका, टेम्पोवाला अस्लम, आणि दारं-खिडक्या उतरवायला आलेला कंत्राटदाराचा माणूस.
गैरहजर: तुम्ही सगळे. कुणी आधीच ट्रान्झिट कॅम्पात, कुणी विरारला, कुणी दुबईत. म्हणून लिहिते आहे.

पुनर्विकासासाठी नायगावची आपली चाळ सोडताना माझ्या हातात यादी होती. सामान टेम्पोत चढलं की टिक करत होते. शेवटची ओळ होती, काकांचं दार.

आठवतंय ना? बँकेत जाण्याआधी, सात ते नऊ, मी गॅलरीत फूटपाथवरच्या मुलांना शिकवायला लागले होते. नऊला ती आईबापांबरोबर कामावर जायची, दुसरी वेळ नव्हती. फळा रंगवायला भिंत चालेना, पोपडे निघत. बाकीच्या दारांतून सारखी ये-जा. काकांचं बिऱ्हाड गावी, इथे ते एकटे, आणि माझगावच्या गोदीत त्यांना नुकतीच कायमची रात्रपाळी लागली होती.

"काका, नऊच्या आत घरी येत नाही ना तुम्ही?" मी विचारलं.

"खंय गो! रंगव बिनधास्त."

सहा वर्षं त्या दारावर बाराखडी आणि पाढे लिहिले. मग नोकरी सोडली, जागा मिळवली. आज अशा मुलांसाठी आमच्या तीन शाळा आहेत. देणगीदारांना मी नेहमी सांगते, सुरुवातीला आमच्याकडे फक्त एक बंद दार होतं. टाळ्या पडतात.

तर त्या रविवारी काका किल्ली हातात धरून स्वतःच्याच दारासमोर नुसते उभे. कंत्राटदाराचा माणूस घाई करत होता. आई म्हणाली, "उघडा की हो भाऊजी, आज शाळा नाही!"

दोघं खो-खो हसली. मला काही कळेना.

मग आईने सांगितलं. काकांची पाळी सातला सुटायची. साडेसातला ते चाळीखाली पोचायचे आणि समोरच्या चाळीच्या पायरीवर बसून राहायचे, माझा वर्ग सुटेपर्यंत. दुधाला जाताना आई त्यांना चहा द्यायची. मला सांगायचं नाही, अशी काकांची अट होती. मी वर्ग बंद केला असता म्हणून.

"काका, सहा वर्षं?"

"दार उघडलां तर फळो भितुर जातलो. मगे पोरां बघतली खंय?"

इतकं साधं. रात्रभर जागलेला माणूस, वर स्वतःचं अंथरूण, आणि हा खाली पायरीवर. मी बारीकसारीक गोष्टींच्या याद्या करते. माझ्या कुठल्याही यादीत हा माणूस नव्हता.

तेवढ्यात कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "दरवाजा नहीं मिलेगा मॅडम, सब सेठ का माल है."

अस्लम पुढे झाला. त्या पहिल्या मुलांतलाच तो. "भाई, इस दरवाजे पे मैं अपना नाम लिखना सीखा. तू हात तो लगा."

कंत्राटदाराच्या माणसाने हात लावला, पण उचलायला. दार टेम्पोत चढलं. टिक.

काका गावी गेले. आई आणि मी शीव कोळीवाड्यात, आमच्या एका शाळेजवळ भाड्याने राहतो. मजल्यावर सगळी दारं दिवसभर बंद. नायगावला असं बंद दार मला फक्त फळा वाटलं होतं. आता बंद दार दिसलं की मी आधी जिन्याकडे बघते, कुणी बसलंय का. घर म्हटलं की मला हल्ली खोली आठवत नाही, ती पायरी आठवते.

दार त्या शाळेत नेलं तेव्हा सुताराने विचारलं, "ताई, फळा म्हणून भिंतीला ठोकू?" मी म्हटलं, नाही. बिजागऱ्या लाव, पहिलीच्या वर्गाला दार म्हणूनच बसव. त्याने बसवलं. मी काकांना फोन केला.

"काका, या. वर्ग चालू असताना तुम्ही दार उघडून आत यायचं. पोरं थांबतील."

"येतंय गो," काका म्हणाले. "पण शाळा सुटल्यार."

यादीतली शेवटची ओळ: काकांना भर वर्गात आत आणणे. बाकी.